माव्याच्या पोटातला वाटेकरी

मावा कधी उपाशी मरत नाही, असं माझ्या धाकट्या भावाचं ठाम मत आहे. तो लातूरकडे करडई, हरभरा आणि थोडी ज्वारी करतो. पौषात आभाळ आलं की करडईच्या कोवळ्या शेंड्यांना काळपट किडे बिलगतात, पानं चिकट होऊन उन्हात चमकायला लागतात, मग त्या चिकट्यावर काजळी धरते आणि मुंग्यांची ये-जा सुरू होते. भाऊ बांधावर उभा राहून म्हणतो, "अक्का, ह्यांना ना दात, ना दाढा. बसल्या जागी पीत राहायचं. फुकटचं खाणं!"

मी तालुक्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत असे. निवृत्त झाले तरी शेतात गेल्यावर खिशात भिंग असतंच. त्यामुळे फुकटाबद्दल भावाशी माझं भांडण नाही, पण खाण्याबद्दल आहे. माव्याच्या वाट्याला येतं तितकं निकृष्ट जेवण फार थोड्या प्राण्यांच्या नशिबी असेल. ते जेवण पचवून हा किडा शेतच्या शेत व्यापतो कसा, याचं उत्तर गेल्या दहा-पंधरा वर्षांत बरंच उलगडलंय. बाजारात मिळणाऱ्या कुठल्याही औषधापेक्षा मला ते उत्तर जास्त रंजक वाटतं.

मावा आपली केसासारखी सोंड झाडाच्या पेशींच्या मधून वाट काढत थेट रसवाहिनीत खुपसतो. पानांत तयार झालेली साखर मुळांकडे, फळांकडे, दाण्याकडे नेणाऱ्या या नळ्या. त्यांतल्या रसाला स्वतःचा दाब असतो, त्यामुळे माव्याला ओढून प्यायचे फारसे कष्टही पडत नाहीत. 1953 साली इंग्लंडमध्ये केनेडी आणि मिटलर या दोघांनी याच गोष्टीचा उपयोग करून घेतला. रस पीत बसलेल्या माव्याला गुंगी दिली, त्याची सोंड मुळाशी कापली आणि किडा बाजूला केला. झाडात रुतून राहिलेल्या सोंडेच्या तुकड्यातून रसाचे थेंब वर येत राहिले. रसवाहिनीतला शुद्ध रस माणसाला इतक्या सहज दुसऱ्या कशानं मिळत नव्हता, म्हणून वनस्पतिशास्त्रज्ञ पुढे कितीतरी वर्षं माव्याची सोंड वापरत राहिले. पिकाचा शत्रू प्रयोगशाळेत असा मदतीला आला.

त्या रसात असतं काय? साखर, भरपूर साखर. इतकी की माव्याच्या रक्तापेक्षा रस दाट ठरतो आणि आतड्यात त्या साखरेचे लांब रेणू बनवून दाटपणा उतरवला नाही, तर किडा आतून सुकेल. उरलेली साखर तो मागच्या बाजूनं टाकून देतो, तोच आपला चिकटा. पण साखरेवर अंग धरत नाही. अंगाला प्रथिनं लागतात आणि प्रथिनं बनतात वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची. त्यांतली निम्मी प्राण्यांना स्वतःची स्वतः बनवता येत नाहीत, ती आहारातूनच यावी लागतात. त्यांना अत्यावश्यक म्हणतात. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन कमी, डाळीत जास्त, म्हणून भाकरीबरोबर वरण हवं, हे आपल्याकडे लायसिनचं नावही ऐकलं नव्हतं तेव्हापासून ठरलेलं आहे. रसवाहिनीतल्या रसात अमिनो आम्लं मुळात थोडी. जी असतात त्यांतही मोठा हिस्सा ग्लुटामिन, अस्पॅराजिन अशांचा, म्हणजे जी किडा स्वतःही बनवू शकतो अशांचा. अत्यावश्यक दहा मात्र नावापुरती.

आणि अशा जेवणावर या किड्याची वीण पाहा. 1740 साली जिनिव्हाच्या शार्ल बोने या तरुणानं माव्याचं एक नुकतं जन्मलेलं पिल्लू काचेखाली एकटं ठेवलं. नराचा वाराही लागू दिला नाही. मोठी झाल्यावर त्या मादीनं तीन आठवड्यांत 95 पिल्लं घातली. अंडी नव्हेत, चालती-फिरती पिल्लं. आज आपल्याला ठाऊक आहे की जन्मणाऱ्या पिल्लाच्या पोटातही पुढच्या पिढीचे गर्भ वाढायला लागलेले असतात. आजी, लेक आणि नात एकाच अंगात. एवढी प्रथिनं येतात कुठून?

कॉलेजात मी मुलांना हे दाखवायची. करडईवरचा एक धष्टपुष्ट मावा काचपट्टीवर मिठाच्या सौम्य पाण्यात घ्यायचा, दोन सुयांनी पोट उकलायचं. गर्भांच्या माळा बाहेर येतात, त्या पाहून मुली हमखास 'अय्या' म्हणत. त्या माळांच्या आसपास काही मोठ्या गोल पेशी सुट्या होतात. त्यांतली एक सुईनं फोडून सूक्ष्मदर्शकाखाली नीट पाहिली की आतून बारीक गोल कण सांडताना दिसतात, शेकड्यांनी. ते जीवाणू. मोठ्या पेशीला बॅक्टेरिओसाइट म्हणतात. तिचं कामच मुळी या जीवाणूंना आत ठेवून घेणं.

या पेशींचा मिळून बनलेला अवयव 1858 मध्ये टॉमस हक्सलीनं पाहिला होता, पण त्याला तो अंड्यातल्या बलकासारखा काहीतरी प्रकार वाटला. तो जिवंत सूक्ष्मजीवांनी भरलेला आहे, हे 1910 मध्ये इटलीचा पिएरान्तोनी आणि चेक शुल्क या दोघांनी वेगवेगळं ओळखलं. पुढे पाउल बुखनर नावाच्या जर्मन प्राणिशास्त्रज्ञानं किड्यांच्या पोटातल्या अशा भाडेकरूंचा शोध घेण्यात सगळं आयुष्य घातलं. 1991 साली माव्यातल्या जीवाणूचं नामकरण झालं ते त्याच्याच आठवणीत: बुखनेरा. ही सोबत पंधरा ते अठ्ठावीस कोटी वर्षांची असावी, असा अंदाज आहे. म्हणजे सह्याद्रीचा काळा पाषाण लाव्ह्यातून घडण्याच्या कितीतरी आधीची.

बुखनेरा काय करतो हे कळायला प्रतिजैविकं उपयोगी पडली. माव्याला रसातून प्रतिजैविक पाजलं की जीवाणू मरतात. किडा लगेच मरत नाही. पण खुरटतो आणि त्याची वीण जवळजवळ थांबते. कारण रसात नसलेली अत्यावश्यक अमिनो आम्लं हा जीवाणूच बनवून देत असतो. 2000 साली जपानी गटानं बुखनेराचा संपूर्ण जनुकसंच वाचला, तेव्हा या कामाचा कागदी पुरावाही मिळाला. 6,40,681 अक्षरांचा हा संच, म्हणजे आपल्या आतड्यातल्या ई. कोलाय जीवाणूच्या सातव्या हिश्श्याइतका. बाहेरच्या जगात एकट्यानं जगायला लागणारी जनुकं कोटी कोटी वर्षांत गळून गेली आहेत. पेशीचं आवरण बनवण्याची बरीच कला विसरली गेली आहे. एखाद्या गोष्टीचं उत्पादन केव्हा वाढवायचं आणि केव्हा थांबवायचं, हे ठरवणारी जनुकंही बरीचशी नाहीत. अत्यावश्यक अमिनो आम्लं बनवणारी मात्र जवळजवळ सगळी शाबूत.

इथवरची गोष्ट पाठ्यपुस्तकात येते आणि मीही मुलांना ती इथवरच सांगायची. जीवाणू बनवतो, किडा खातो, दोघं सुखी. पण नीट विचार केला की यात एक मोठी फट दिसते. जो जीवाणू केव्हा थांबायचं तेच विसरला आहे, त्याला थांबवतो कोण? आणि त्याला कच्चा माल कोण पुरवतो?

मधे एक अडचण आहे ती समजून घ्यायला हवी. बुखनेरा उघड्यावर राहत नाही. तो बॅक्टेरिओसाइट पेशीच्या आत असतो आणि तिथंही प्रत्येक जीवाणूभोवती माव्यानं स्वतःच्या पटलाचं एक आवरण गुंडाळलेलं असतं. म्हणजे माव्याच्या रक्तातून जीवाणूपर्यंत जायचं तर आधी पेशीचं पटल, मग हे आवरण, मग जीवाणूचं स्वतःचं आवरण. पटलं स्निग्ध असतात, अमिनो आम्लं पाण्यात विरघळणारी. ती आपोआप आरपार जाऊ शकत नाहीत. त्यासाठी पटलात गुंफलेली खास प्रथिनं लागतात. असं प्रथिन एका बाजूला उघडतं, ठरावीक अमिनो आम्लाचा रेणू धरतं, आपला आकार बदलतं आणि रेणू पलीकडे सोडतं. यांना वाहक म्हणतात. कोणता वाहक कोणता रेणू धरणार हे त्याच्या घडणीवर ठरतं आणि घडण ठरते जनुकावरून. बुखनेराकडे स्वतःचे वाहक फार थोडे उरले आहेत. तेव्हा देवघेवीचा बराचसा कारभार माव्याच्या वाहकांवर पडतो.

2010 साली मटारावरच्या माव्याचा जनुकसंच प्रसिद्ध झाला. हा किडा युरोप-अमेरिकेत मटार आणि लसूणघासावर पडतो आणि प्रयोगशाळेत पाळायला सोपा असल्यानं जगभरच्या माव्यांच्या वतीनं तोच साक्ष देतो. अंदाजे 34,000 जनुकं निघाली, त्यांतली बरीच एकाच्या दोन, दोनाच्या चार अशी वाढलेली. जीवाणूंशी लढणाऱ्या प्रतिकारयंत्रणेचा एक अख्खा मार्ग मात्र गायब होता, जो माशी-डासांत असतो. पोटात जीवाणू सांभाळणाऱ्याला तो अडचणीचाच झाला असावा, असं बऱ्याच जणांना वाटतं. मलाही वाटतं, पण वाटणं वेगळं आणि सिद्ध होणं वेगळं.

मग मायामी विद्यापीठातल्या अ‍ॅलेक्स विल्सन यांच्या गटानं या संचातली अमिनो आम्लांच्या वाहकांची जनुकं वेचून काढली. 2011 मध्ये प्राइस आणि सहकाऱ्यांनी ती यादी छापली. दोन मोठ्या कुळांत मिळून चाळीसच्या आसपास वाहक. त्यांतले काही फक्त माव्यांत दिसतात. म्हणजे माव्याच्या पूर्वजात एका जनुकाच्या नकला झाल्या आणि त्या नकला नव्या कामाला लागल्या. शिवाय यांतले काही वाहक अंगातल्या इतर पेशींपेक्षा बॅक्टेरिओसाइटमध्ये कितीतरी जास्त बनतात. जनुकाची एक प्रत जुनं काम करत राहिली की दुसरीला मोकळीक मिळते. उत्क्रांतीत नवं काही घडायचं तर बहुतेक वेळा ते असंच घडतं.

जनुक सापडलं म्हणजे त्याचं काम कळलं असं नाही. आमच्या क्षेत्रात यादीलाच शोध म्हणण्याची खोड आहे. मी तसल्या यादीवरचे प्रबंध पुष्कळ तपासले आहेत. प्राइस आणि मंडळी यादीवर थांबली नाहीत, म्हणून मला त्यांचं काम आवडतं. एका वाहकाचं नाव त्यांनी एपी-जीएलएनटी-1 ठेवलं, ग्लुटामिनचा वाहक. माव्याचं हे जनुक त्यांनी बेडकाच्या अंड्यात घातलं. आफ्रिकेतल्या झेनोपस नावाच्या बेडकाचं अंडं मिलिमीटरभर असतं, डोळ्यांना दिसतं, सुईनं टोचता येतं. त्यात परक्या जनुकाचा संदेश टोचला की अंडं निमूटपणे ते प्रथिन बनवून आपल्या पटलात बसवतं. मग किरणोत्सर्गी खूण केलेल्या ग्लुटामिनच्या पाण्यात अंडं ठेवायचं आणि आत किती गेलं ते मोजायचं. नुसतं पाणी टोचलेली अंडी तुलनेला बाजूला असतातच. माव्याच्या पोटात जे पाहणं जवळपास अशक्य, ते बेडकाच्या अंड्यात मोजता आलं.

निष्कर्ष 2014 मध्ये छापून आले. हा वाहक ग्लुटामिन आत घेतो, तेही निवडून. प्रतिपिंडांनी रंगवून पाहिल्यावर तो बॅक्टेरिओसाइटच्या बाहेरच्या पटलावर, म्हणजे रक्ताकडे तोंड करून बसलेला दिसला. खरी मौज पुढे आहे. आजूबाजूला आर्जिनिन वाढलं की वाहकाचं ग्लुटामिन घेणं मंदावतं. आर्जिनिन हे अत्यावश्यकांपैकी एक. माव्याला ते बनवताच येत नाही, कारण त्यासाठी लागणाऱ्या युरिया-चक्राची जनुकंच त्यानं गमावली आहेत. म्हणजे माव्याच्या रक्तात तरंगणारं आर्जिनिन बहुतेक सगळं बुखनेराच्या हातचं.

भावाला हे सांगायला मला त्याच्याच भाषेत शिरावं लागलं. आपल्याकडे रान वाट्यानं देतात तसं हे आहे. मालक बी-खत घालतो, वाटेकरी राबतो, पीक दोघांत वाटलं जातं. इथं मालक मावा, वाटेकरी बुखनेरा. ग्लुटामिन हे खत, कारण त्यातल्या नत्रावरच बाकीची अमिनो आम्लं उभी राहतात. आर्जिनिन हे पीक. घरातली कणगी भरली की मालक खत कमी करतो आणि कणगी उतरली की पुन्हा पोतं उघडतो. वाटेकऱ्याला स्वतःला कधी थांबायचं कळत नाही आणि कळायची गरजही नाही. "म्हणजे हिशेब मालकाकडंच," भाऊ म्हणाला. "वाटेकरी नुसता राबतोय." मी म्हटलं, होय. जनुकसंच वाचून तरी असंच दिसतं.

ही गोष्ट मला सहजीवनाच्या गोड वर्णनांपेक्षा जास्त पटते. शाळेच्या पुस्तकांत दोघांच्या मैत्रीचं चित्र असतं, मुंगी आणि मावा, दगडफुलातली बुरशी आणि शैवाल. इथं मैत्रीपेक्षा ताबा जास्त आहे. कच्च्या मालाचा पुरवठा माव्याच्या जनुकावर, त्याची मर्यादाही माव्याच्याच जनुकावर. शिवाय माव्याच्या अंगात टाकाऊ म्हणून तयार होणारा अमोनिया बॅक्टेरिओसाइटमध्ये पुन्हा वापरून ग्लुटामिन आणि ग्लुटामेट बनवलं जातं. 2011 मध्ये हॅन्सन आणि मोरान यांनी ही यंत्रणा दाखवली. नत्राचा एक कणही वाया जाऊ द्यायचा नाही, असा बेत.

आतल्या आवरणाचं काय? 2019 मध्ये मायामी आणि न्यूकॅसल विद्यापीठाच्या गटांनी मिळून दुसऱ्या एका वाहकाची ओळख पटवली, एपी-एनईएएटी-1. हा जीवाणूभोवती गुंडाळलेल्या आवरणावर बसतो आणि अत्यावश्यक नसलेल्या अमिनो आम्लांची ने-आण करतो. जी बुखनेराला स्वतःला बनवता येत नाहीत ती इथून पोचतात. पहिला वाहक रक्त आणि पेशी यांच्यामध्ये, दुसरा पेशी आणि जीवाणू यांच्यामध्ये. ज्या किड्याला माझा भाऊ बिनकामाचा आळशी म्हणतो, त्याच्या पोटात एवढी नेमानं देवघेव चाललेली असते.

आणखी एक वाहक-कुळ आहे, ज्याची मला गंमत वाटते. फळमाशीत अमिनो आम्लांचा एक वाहक बिघडला की अळी खुरटते, म्हणून 2003 मध्ये संशोधकांनी त्या जनुकाला स्लिमफास्ट असं खट्याळ नाव दिलं. माव्यात या जनुकाच्या दहाएक नकला आहेत आणि त्यांतल्या काही नरांत जास्त काम करतात. वर्षभर माद्यांवरच चालणाऱ्या या जातीत नर थंड प्रदेशात शरद ऋतूत फक्त काही दिवस उगवतो. त्या पाहुण्यासाठी एवढी जनुकं कशाला? उत्तर अजून पक्कं नाही, आणि माझ्याकडे तर नाहीच.

गर्भात बुखनेरा जातो कसा, हेही 2012 मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी सूक्ष्मदर्शकात टिपलं. आईच्या बॅक्टेरिओसाइटमधून जीवाणू बाहेर टाकले जातात आणि शेजारच्या कोवळ्या गर्भाचा ठरावीक भाग ते गिळून घेतो. जन्मण्याआधीच वाटेकरी लावून दिलेला असतो.

हे फक्त माव्याचं नाही. पांढरी माशी, झाडांच्या रसावर जगणारे सिला किडे, पिठ्या ढेकूण, सगळ्यांच्या पोटात कोणी ना कोणी जीवाणू आहेत आणि मायामीच्याच गटानं पाहिलं तर त्यांच्यातही अमिनो आम्लांच्या वाहक-जनुकांच्या नकला वाढलेल्या. पण प्रत्येकानं वेगळी जनुकं वेगळ्या वाटेनं या कामाला लावली आहेत. एकाच पूर्वजाकडून वारसानं आलेला तोडगा नव्हे. पिठ्या ढेकणाचं प्रकरण तर विलक्षण. त्याच्या एका जातीत जीवाणूच्या पोटात दुसरा जीवाणू राहतो, हे 2001 मध्ये कळलं. बाहेरच्याचं नाव ट्रेम्बलाया. त्याचा जनुकसंच एक लाख चाळीस हजार अक्षरांचाही नाही. एकेका अमिनो आम्लाच्या घडणीतल्या पायऱ्या किडा, बाहेरचा जीवाणू आणि आतला जीवाणू असे तिघं वाटून घेतात. द्राक्षबागेत घडांच्या देठाशी पांढरा कापूस दिसला की बागायतदारांना ज्या किड्यानं धडकी भरते, त्याच्याच भाऊबंदांची ही गोष्ट.

"बरं अक्का, मग औषध कधी निघणार?" भावाचा प्रश्न ठरलेला. संशोधनाच्या निबंधांतही शेवटच्या परिच्छेदात हा सूर असतोच: हा वाहक बंद पाडला तर मावा आटोक्यात येईल. कागदावर ते बिनतोड आहे. ग्लुटामिन तोडलं की जीवाणूचं काम थांबेल, जीवाणूचं थांबलं की वीण थांबेल. मला मात्र या परिच्छेदांचा उत्साह थोडा घाईचा वाटतो. एक तर याच कुळातले वाहक मधमाशीत आहेत, मित्रकिडींत आहेत, तुमच्या-माझ्या आतड्यातही आहेत. फक्त माव्याचाच वाहक अडवेल असं रसायन शोधणं सोपं काम नाही. दुसरा मार्ग जनुकाचा संदेशच गप्प करण्याचा, ज्याला आरएनए-हस्तक्षेप म्हणतात. भुंगेऱ्यांत तो चांगला चालतो. 2023 च्या डिसेंबरात अमेरिकेनं बटाट्यावरच्या कोलोरॅडो भुंगेऱ्यासाठी अशा आरएनएच्या फवारणीला परवानगीही दिली. माव्यात तोच हस्तक्षेप लहरी ठरतो, कारण माव्याच्या लाळेत, आतड्यात, रक्तात हा आरएनए तोडून टाकणारी विकरं असतात. शिवाय मावा पानावरचं काही खात नाही. फवारलेलं रसवाहिनीपर्यंत पोचायला हवं. तेव्हा बाटली इतक्यात येत नाही, असं मी त्याला सरळ सांगितलं.

पण बाटली नाही म्हणून हे ज्ञान बिनकामाचं ठरत नाही. माव्याचा सगळा संसार नत्रावर अडलेला आहे, हे एकदा समजलं की शेतातल्या काही गोष्टी वेगळ्या दिसायला लागतात. युरिया जास्त पडला की पीक हिरवंगार आणि लुसलुशीत दिसतं, आणि त्याच्या रसात मोकळ्या अमिनो आम्लांचं प्रमाणही वाढतं. ज्या एका गोष्टीची माव्याच्या ताटात चणचण होती, ती आपण हातानं वाढून देतो. पाण्याखालच्या, खत मारलेल्या पट्ट्यात मावा आधी आणि दाट पडतो, हे जुन्या शेतकऱ्यांनी पाहिलेलं आहे. कारण आता कळलं, एवढंच.

उन्हाचंही तसंच. 2007 मध्ये विल्सन, मोरान आणि डन्बार यांनी दाखवलं की बुखनेराच्या एका जनुकाजवळचं फक्त एक अक्षर गळालं की तो उष्णता सोसू शकत नाही. असा जीवाणू बाळगणारी पिल्लं काही तास 35 अंशांच्या आसपास तापली की मोठेपणी त्यांची वीण फार घटते. थंडीत मात्र हेच माव्याला फायद्याचं ठरतं. हा प्रयोग मटाराच्या माव्यावरचा, आपल्या करडईच्या माव्याला तो जसाच्या तसा लावायचा नाही. पण किडीचं गणित फक्त किडीचं नसतं, तिच्या पोटातल्याचंही असतं, एवढं त्यातून नक्की घ्यावं.

करडईपुरतं बोलायचं तर उपाय जुनेच आहेत. सप्टेंबरच्या शेवटी किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला पेरणी उरकली तर माव्याचा भर येईपर्यंत झाडं जून होतात. मावा आधी बांधाकडच्या ओळींवर पडतो, तिथंच रोज नजर टाकायची आणि लागलेले शेंडे खुडून नष्ट करायचे. ढालकिडे आणि त्यांच्या अळ्या भरपूर दिसत असतील तर फवारणीचा हात आवरायचा. एक ढालकिडा दिवसभरात किती मावा फस्त करतो हे पाहायला भाऊ दुपारभर उकिडवा बसला होता. मोजदाद त्यानं मधेच सोडली, पण पंप मात्र त्या दिवशी खांद्यावर घेतला नाही.

यंदा त्यानं बागायती पट्ट्यासाठी युरियाचं एक पोतं कमी आणलं. ते माझ्या ग्लुटामिनच्या व्याख्यानामुळे, की दुकानदाराकडे पोती संपली होती म्हणून, हे मी विचारलेलं नाही.